प्रागच्या गल्ल्यांत आष्ट्याची माणसं

प्रागहून परत आलो आणि पुण्याहून आष्ट्याला निघालो, तेव्हा पेठ नाक्यावर गाडी वळायच्या आत आमच्या ड्रायव्हरला चार किस्से सांगून झाले होते. त्यातल्या दोन किस्स्यांना त्यानं गाडी बाजूला घेऊन हसून घेतलं. घरी पोचल्यावर शेजारीपाजारी, मग भिशीतल्या बायका, मग माझ्या जुन्या शाळेतल्या मैत्रिणी. सांगता सांगता नवेच आठवतात. असे किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. माणूस स्वतःला फार शहाणा समजून चालायला लागला की ते आपोआप घडतात. आणि आम्ही चौघं तर भलतेच शहाणे होतो!

चौघं म्हणजे कोण, ते आधी सांगते. मी सुनंदा, सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून रिटायर झालेली. युरोपचा नकाशा मी फळ्याकडं न बघता काढत असे, त्यामुळे तो खंड आपल्या ओळखीचा आहे असा माझा समज होता. दुसरी माझी थोरली बहीण आक्का. आष्ट्यात दिलेली, आमचे मेहुणे गेल्यापासून ऊस आणि हळद एकटीनं बघते. तिसरे आक्काचे दीर. फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झाले, आणि तेव्हापासून घरचे-दारचे सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. त्यांची बायकोसुद्धा. ती बायको म्हणजे चौथी, कुसुम.

आक्काची एकुलती एक मुलगी स्वाती प्रागला असते. जावई अभिजित तिथं इंजिनियर आहे. पहिलंच बाळंतपण, त्यात स्वातीचं बीपी वाढलेलं, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी तिला आधीच दवाखान्यात ठेवून घेतलं होतं. आक्का बाळंतपणाला निघाली आणि आम्ही तिघं तिला सोबत म्हणून निघालो. खरं सांगायचं तर फुकटात राहायची सोय होती आणि युरोप बघायची हौस होती. सोबत वगैरे सगळं नंतर सुचलेलं.

पहिल्याच सकाळी आक्का अभिजितच्या स्वयंपाकघरात बसली होती. चहा गार झाला तरी पिईना. मी विचारलं तर हळूच म्हणाली, "स्वातीच्या येळंला कृष्णेला पाणी आलं हुतं. आपली आई सांगलीतच अडाकली. तिसऱ्या दिशी पोचली. तवर मी एकटी हुते गं सुनंदा. ह्या पोरीवर ती पाळी याया नगं."

मी म्हटलं, इथं कसला पूर, अभिजित नेईल की तुला गाडीतून. तर ती माझ्याकडं अशी बघायला लागली की मी काहीतरी अभद्र बोलले. जावयाला मला न्या, मला आणा असं सांगायचं? सासूनं? आक्काच्या मते ते या जन्मात शक्य नव्हतं. म्हणजे घरापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता तिला स्वतःला यायला हवा होता. ट्रामचे सात स्टॉप. आणि आक्का आष्ट्याबाहेर एकटी गेली असेल तर सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घेऊन, तेवढीच.

"मी शिकवते," मी म्हटलं.

"मी शिकिवतो," सुभेदार म्हणाले.

इथून आमची दुर्दशा सुरू झाली.

*

सुभेदारांनी ट्रंकेतून फौजेच्या वेळचं होकायंत्र आणलं होतं. राजस्थानच्या वाळूत त्यांनी त्याच्यावर अख्खी तुकडी बाहेर काढली होती, ही गोष्ट आष्ट्यात लहान मुलांनाही पाठ आहे. जुन्या गावातून नदीकडं जायचं म्हटल्यावर त्यांनी काटा बघितला, हात लांब केला आणि म्हणाले, "माझ्या मागनं या. सिंगल फाइल."

प्रागच्या जुन्या भागातल्या गल्ल्या सातआठशे वर्षांपूर्वीच्या. त्या कुठल्याच दिशेला सरळ जात नाहीत. पश्चिमेला निघालेली गल्ली एका कमानीखालून जाते, कुणाच्या तरी अंगणातून बाहेर पडते आणि तुम्हाला पूर्वेला नेऊन सोडते. आम्ही बाहुल्यांच्या एका दुकानापाशी पोचलो. दोऱ्यांनी नाचवायच्या लाकडी बाहुल्या, राजा, राक्षस, चेटकीण. छान होतं. पंधरा मिनिटं चाललो आणि पुन्हा त्याच दुकानापाशी आलो. तिसऱ्यांदा आलो तेव्हा दुकानातल्या बाईनं हात हलवला. चौथ्यांदा तिनं कुसुमसाठी खुर्ची बाहेर आणली.

"बघा, वळख वाढली," सुभेदार म्हणाले.

मी सूत्रं हातात घेतली. भूगोलाचा माझा अनुभव, पर्यटन खात्याचा नकाशा. आणखी वीस मिनिटांनी पाचव्यांदा बाहुल्यांचं दुकान आलं. कुसुम खुर्चीत बसली, माझ्या हाताकडं तिनं निरखून बघितलं आणि अगदी अदबीनं विचारलं की बाई, नकाशावरची अक्षरं अशी डोक्यावर उभी असतात का?

आक्का आता म्हणाली, "तुमास्नी एक दुकान चुकवाया येईना. मला दवाखाना घावायचा कसा?"

*

दुसऱ्या दिवशी सुभेदारांनी नियम केला. चुकामूक झाली तर पुतळ्यापाशी जमायचं.

आपल्याकडं हा पत्ता पुरतो. वाळव्यात असा, तासगावात असा, कुठल्याही गावात असा, 'पुतळ्यापाशी ये' म्हटलं की माणूस बरोबर येतो. कुणाचा पुतळा, कुठला चौक, असं कुणी विचारत नाही. आम्हीही मान डोलावली आणि नदीवरच्या जुन्या दगडी पुलावर गेलो.

त्या पुलावर दोन्ही बाजूंनी मिळून तीस पुतळे आहेत!

एवढी गर्दी होती की अर्ध्या पुलावर आम्ही चौघं चार ठिकाणी झालो. मी एका दाढीवाल्या संतापाशी उभी राहिले. कुसुम एका क्रूसापाशी. सुभेदार शिस्तीचे, त्यांनी पुलाच्या टोकापासून एकेक पुतळा तपासायला घेतला. कुसुम आणि मी सापडलो, आक्का नाही. फोन लावला तर तो तिच्या पिशवीत, पिशवी माझ्या खांद्यावर. परक्या गावात, हजार माणसांत, आक्काला एक शब्द येत नाही.

पाऊण तासानं ती एका रांगेत दिसली. तिथं एका संताच्या पुतळ्याखाली पितळेचा पत्रा आहे. लोक नवस बोलून त्याला हात लावतात, लावून लावून तो सोन्यासारखा चमकतो. आक्का शांतपणे रांगेत पुढं सरकत होती. मी धावत गेले, जरा ओरडलेच तिच्यावर.

तिनं आधी पत्र्याला हात लावला, स्वातीचं नाव घेतलं आणि मग वळून म्हणाली, "पुतळा म्हंजे लोक ज्येच्या पाया पडत्यात त्यो. मी मगापास्नं हितंच हाय. तुमी तिघं कुठल्या पुतळ्यापाशी हुतासा?"

*

कुसुमला एष्टीची पन्नास वर्षांची सवय. ट्रामचं दार उघडलं की पुढच्या माणसाच्या खांद्यावरून ती रुमाल टाकते आणि जागा धरते. नेम चांगला आहे, रुमाल सीटच्या मधोमध पडतो.

तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तो उचलला. झटकला, चार घड्या घातल्या, उभं राहून कुसुमच्या हातात दिला आणि मान लववली. बाईंचा रुमाल उडाला असं त्यांना वाटलं. कुसुमनं आभार मानले आणि रुमाल शेजारच्या सीटवर टाकला. गृहस्थ पुन्हा उठले. पुन्हा घड्या, पुन्हा मान. तिसऱ्या वेळी त्यांनी रुमाल दिला आणि तो नीट ठेवा म्हणून तिच्या पर्सकडं बोट दाखवलं.

"मानूस लय चांगला हाय," कुसुम माझ्या कानात म्हणाली, "पर बसू देणार न्हाई."

त्या ट्राममध्ये आम्हाला धरून नऊ माणसं होती. बाकी सगळ्या सीटा रिकाम्या होत्या.

*

मार्चअखेर म्हणजे आपल्याकडं ऊन तापायला लागलेलं. प्रागला मात्र दात वाजत होते. आक्काचा वेष असा, नऊवारी लुगडं, त्यावर स्वेटर, त्यावर अभिजितचं जुनं जाकीट, त्यावर शाल, डोक्याला मफलर. आणि तिकीट? तिकीट कुठल्याही खिशात नाही. चीजवस्तू बटव्यात ठेवायची आणि बटवा कमरेला, लुगड्याच्या आत खोचायचा, ही तिची पहिल्यापासूनची पद्धत.

एक दिवस दवाखान्यात जाताना साध्या कपड्यांतला एक तरुण उभा राहिला आणि त्यानं बिल्ला दाखवला. तिकीट तपासनीस. तिथं तिकीट नसलं तर जागच्या जागी दंड. आम्ही तिघांनी तिकिटं दाखवली. तो आक्काकडं वळला.

आक्कानं शाल काढून कुसुमकडं दिली. मफलर माझ्याकडं. जाकीट काढायला वेळ लागला, त्याची चेन अडकली होती, ती सुभेदारांनी सोडवली. स्वेटरची बटणं सुरू झाली तेव्हा तपासनीस कानापर्यंत लाल झाला आणि ओके, ओके म्हणून हात जोडायच्या बेताला आला. ट्राममधली सगळी माणसं खिडकीबाहेर बघायला लागली.

"थांब रं बाबा," आक्का म्हणाली. "हितवर काढलंय तर बघूनच जा."

बटवा निघाला. त्यातून सुपारी, अंगाऱ्याची पुडी, स्वातीचा बालवाडीतला फोटो, एक किल्ली, आणि सगळ्यात खाली चार घड्या घातलेलं तिकीट. तपासनिसानं ते दोन्ही हातांनी घेतलं, दोन्ही हातांनी परत दिलं आणि पुढच्या स्टॉपला उडी मारून उतरला.

मी हसून हसून बेजार. आक्का मात्र बटणं लावता लावता गंभीर झाली. म्हणाली, ऐन कळा सुरू झाल्या आणि असा एखादा भेटला, तर माझं काढण्या-घालण्यातच व्हायचं सगळं. दुसऱ्या दिवसापासून तिकीट मफलरला टाचणीनं लावून ती फिरायला लागली.

*

आक्काला वाट विचारता यायला हवी, असं मी ठरवलं. शेवटी मी शिक्षिका. तिला म्हटलं, आज तू पुढं चालायचं, आम्ही वीस पावलं मागं. अडलं तर कुणाला तरी विचारायचं. दवाखान्याचं नाव मी कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद दाखवायचा.

आमचं माहेर जतच्या पलीकडं. तिथं चार कोसांवर कानडी सुरू होतं. त्यामुळे लहानपणापासून आमचा पक्का समज, की ज्याला मराठी कळत नाही त्याला कानडी कळतं. तिसरा प्रकारच नाही.

आक्कानं कुत्रं घेऊन चाललेल्या एका आजीबाईंना थांबवलं. आधी मराठीत विचारलं. आजीबाईंनी मान हलवली. मग आक्कानं आवाज चढवून, अगदी सराईतपणे कानडीत दवाखाना कुठाय ते विचारलं, "दवाखानी यल्लैत्री?"

मी मागं कपाळाला हात लावला. पण आजीबाई बोलायला लागल्या! पाच मिनिटं त्यांच्या भाषेत बोलल्या. मध्येच त्यांनी गुडघा दाबून दाखवला, टेकडीकडं बोट केलं, डोळे पुसले. आक्कानं त्यांच्या पाठीवर हात फिरवला, कुत्र्याला गोंजारलं आणि पिशवीतला एक डिंकाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला. दोघी एकमेकींचा निरोप घेऊन वेगळ्या झाल्या.

मी धावत गेले. काय म्हणाल्या त्या?

"गुडघं लय दुखत्यात बिचारीचं. घर टेकावर हाय. पोरगं लांब असतंय."

आणि दवाखाना?

आक्का थबकली. "त्ये ऱ्हायलंच की गं."

कागद मुठीत तसाच होता.

*

एका रविवारी मोठ्या चर्चमध्ये गेलो. दगडी पायऱ्या, आभाळाला टेकलेले मनोरे, आत ऑर्गनचा आवाज. दारात सुभेदार खाली बसले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. देवाच्या दारात पायताण काढायचं, त्यात विचारायचं काय? आम्हीही काढलं. सुभेदारांनी चारी जोड पायरीच्या कडेला टाचेला टाच लावून ओळीत मांडले आणि आम्ही मोज्यांवर आत गेलो.

फरशी बर्फासारखी. पण आत गेल्यावर मन शांत झालं. तिथं मेणबत्त्या लावतात, आक्कानं एक स्वातीच्या नावानं लावली आणि बराच वेळ तिच्यासमोर उभी राहिली. मी तिच्याजवळ गेले नाही.

बाहेर पडायचा रस्ता मात्र दुसऱ्या दारानं होता. ते दार उघडलं तर भलतीच गल्ली, आणि मागून येणाऱ्या गर्दीनं आम्हाला बाहेर ढकललं. आत परत सोडेनात. चौघं मोज्यांवर, खाली फरसबंदीचे गार दगड, आणि चर्चला वळसा घालायचा तर मध्ये तीन गल्ल्या. लोक आमच्या पायांकडं बघत होते, आम्ही आभाळाकडं बघत होतो. कुसुम म्हणाली, आता बूट गेले असतील तर मी विमानात अशी बसणार नाही.

अर्ध्या तासानं पुढचं दार सापडलं. बूट जागच्या जागी होते. आणि आमच्या चार जोडांच्या शेजारी, टाचेला टाच लावून, आणखी अकरा जोड लागले होते!

आमच्यानंतर आलेल्या पाहुण्यांनी आमचे बूट बघितले होते आणि इथं असाच नियम असणार असं समजून आपलेही काढले होते. दारात चर्चचा सेवक उभा होता. तो एकदा बुटांकडं बघे, एकदा आत मोज्यांवर फिरणाऱ्या माणसांकडं बघे.

सुभेदारांनी नाड्या बांधल्या, उभे राहिले, ओळीकडं समाधानानं बघितलं आणि म्हणाले, "शिस्त लावाया एकच मानूस लागतो, बाई."

*

आता शेवटचा.

अकरावा दिवस. डॉक्टरांनी अजून आठवडाभर अवकाश आहे असं सांगितलं होतं. आक्का म्हणाली, तुम्ही जाऊन या फिरून, मी स्वातीसाठी शिरा आणि मेथीची भाजी करते, दुपारी आपण मिळून जाऊ. आम्ही तिघं टेकडीवरचा राजवाडा बघायला गेलो. सुभेदार तिथं बुरूज मोजत होते, तेवढ्यात अभिजितचा फोन आला. स्वातीला अचानक कळा सुरू झाल्या होत्या, तिला आत घेत होते. आईंना मी कळवलंय, तो म्हणाला, तयार राहा म्हणून सांगितलंय, तुम्ही त्यांना घरून घेऊन या.

आम्ही टेकडी उतरलो. खाली उतरल्यावर मी म्हटलं ट्राम, कुसुम म्हणाली टॅक्सी, सुभेदार म्हणाले होकायंत्रानं सरळ चालत गेलं तर दोन किलोमीटर. भांडण्यात दहा मिनिटं गेली. ट्राम धरली. ती दोन स्टॉप जाऊन थांबली आणि सगळ्यांना उतरवलं. पुढं कुठंतरी पाण्याची पाइपलाइन फुटली होती, रस्ता खणला होता, ती अख्खी लाइन बंद. आमच्या घरावरून दवाखान्याकडं जाणारी लाइन तीच. ट्रामच्या ऐवजी बस लावली होती, ती आम्ही पकडली. बस नदीच्या पलीकडं गेली. आम्हाला नदीच्या अलीकडं जायचं होतं.

आक्काला फोनवर फोन केले. उचलेना.

घरी पोचायला दीड तास लागला. दाराला कुलूप. माझ्याकडची किल्ली लावून आत गेलो. गॅस बंद, कढई तशीच, शिऱ्याचा वास. आणि ओट्यावर आक्काचा फोन, त्यावर माझे चौदा मिस्ड कॉल. जाकीट नव्हतं, शाल नव्हती, डब्याची पिशवी नव्हती.

आक्का एकटी निघाली होती. ट्राम बंद असताना, फोन न घेता, ज्या शहरात आम्हा तिघांना मिळून एक बाहुल्यांचं दुकान चुकवता येत नव्हतं त्या शहरात.

अभिजितला फोन लावला, तो लागेना. खाली रस्त्यावर आलो. स्टॉपवर माणसांची ही गर्दी, त्यात आक्का नाही. शेवटी कुसुम रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि तिनं एक टॅक्सी थांबवली. टॅक्सीतून मी प्रत्येक कोपऱ्यावर आक्काचं हिरवं लुगडं शोधत होते. स्वातीला काय सांगायचं? आई आली नाही? आई सापडत नाही? सुभेदार एकदाच बोलले, तेही खिडकीकडं तोंड करून. "वैनी घावल्या न्हाईत तर मी आष्ट्यात पाय ठेवणार न्हाई."

दवाखान्याचा तिसरा मजला. कॉरिडॉरमध्ये अभिजित एकटाच खुर्चीवर बसला होता. मी कसंबसं म्हटलं, "अभिजित, आक्का..."

"आई आत आहेत," तो म्हणाला. "तासाच्या वर झाला. इथं एकालाच आत सोडतात. स्वाती म्हणाली, आई आलीय ना, मग तू बाहेर थांब."

मी तिथंच फरशीवर बसले आणि ढसाढसा रडले. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. कुसुम माझ्या शेजारी बसली. सुभेदार बराच वेळ भिंतीवरची आगीच्या वेळी काय करावं याची पाटी वाचत होते, झेक भाषेतली.

थोड्या वेळानं आतून रडणं ऐकू आलं. बारीक, पण खणखणीत. मग दार उघडलं आणि आक्का बाहेर आली. पदर खोचलेला, कपाळावर घाम, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला.

"पोरगी झाली," ती म्हणाली. "दोघीबी झ्याक हायत."

अभिजित वाकून तिच्या पाया पडला आणि आत पळाला. आम्ही तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. ती घटाघटा प्याली. मग मी विचारलं, ट्राम बंद, बस भलतीकडं, मग तू आलीस कशी?

"चालत," आक्का म्हणाली. "गाडी न्हवती, पर रूळ हुतं की. रूळ म्हंजे पाण्याचा पाटच. पाटाच्या कडंनं चालत गेलं की शेवटचा वाफा घावतोच. मधी खणलं हुतं, तितनं चिखलातनं आले."

मी म्हटलं, अगं पण वाटेत दोन ठिकाणी रूळ फुटतात. एक डावीकडं जातो, एक उजवीकडं. तिथं काय केलंस?

"पयल्या फाट्याला डोळं मिटून उभी ऱ्हायले," ती म्हणाली. "गाडीत कुसुम बसायची उजव्या अंगाला, खिडकीत. त्या जागंला आलं की मी दर खेपंला तिच्या अंगावर पडायची. म्हंजे गाडी तितं डावीकडं वळती. गेले डावीकडं. दुसऱ्या फाट्याला कवा पडलेली न्हाई. म्हंजे सरळ."

एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला. सुभेदारांनी हातातलं होकायंत्र हळूच खिशात घातलं.

आक्कानं आमच्या तिघांच्या तोंडाकडं बघितलं. विस्कटलेले केस, कुसुमच्या हातातला चुरगळलेला नकाशा, माझे रडून सुजलेले डोळे. तिला खरोखरच काळजी वाटली असावी.

"आन् तुमास्नी एवढा येळ का लागला, भाऊजी?" तिनं विचारलं. "तुमी तर तिघं हुतासा."

सुभेदारांनी कुसुमच्या हातातला नकाशा घेऊन त्याची घडी घातली.

"तिघं हुतो म्हणूनच लागला, वैनी."